ज्वालाग्राही पदार्थांचा धोका मोजायचा कसा? तक्ता भरला, पण सगळंच 'मध्यम' येतंय

कुतूहल

नमस्कार मंडळी,

आमच्या कारखान्यात आग आणि स्फोट यांच्या धोक्याचं मूल्यमापन करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी मूळचा प्रॉडक्शनचा माणूस. सेफ्टीची जागा रिकामी आहे, म्हणून 'तात्पुरतं तुम्हीच बघा' असं सांगण्यात आलं. तात्पुरतं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहेच.

पसारा असा: रंग मिसळायचा विभाग (टोल्युइन, ॲसिटोन, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल), रेझिनच्या पावडरची पोती, फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायची खोली आणि मेंटेनन्सचा कोपरा, जिथे वेल्डिंग नि ग्राइंडिंग चालतं. तयार तक्ता मिळालाय. प्रत्येक पदार्थाची एक ओळ, शक्यतेला १ ते ५, गंभीरतेला १ ते ५, दोन्हींचा गुणाकार आणि त्यावरून रंग.

भरून बघितला तर पान पिवळंधमक! टोल्युइनचा ड्रम आणि ऑफिसातलं झेरॉक्सचं मशीन एकाच रंगात. कागद पूर्ण झाला, सही झाली की ऑडिटला चालेल, असं वरच्यांचं म्हणणं. माझा मात्र त्या कागदावर काडीचा विश्वास नाही. जाणकारांनी सांगा, सुरुवात कुठून करायची? आणि या गुणाकाराला काही अर्थ आहे का?

भुंगा

रुमाल टाकून ठेवतो. निवांत वाचतो.

सेफ्टीवाला

आधी गुणाकार बाजूला ठेवा आणि प्रत्येक पदार्थाची सेफ्टी डेटा शीट उघडा. नववा विभाग, भौतिक गुणधर्म. तिथे चार गोष्टी बघायच्या: फ्लॅश पॉइंट (द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते सर्वांत कमी तापमान), खालची-वरची स्फोटमर्यादा (हवेत वाफेचं प्रमाण किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत असलं की पेटतं), आपोआप पेट घेण्याचं तापमान आणि वाफ हवेपेक्षा जड की हलकी.

ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास, टोल्युइनचा ४, आयपीएचा साधारण १२. म्हणजे तिन्ही पदार्थ नेहमीच्या खोलीत झाकण उघडल्या उघडल्या पेटण्याजोगी वाफ देतात. इथे 'शक्यता २' लिहायला जागाच नाही. वाफ आहेच, प्रश्न फक्त ती कुठवर जाते आणि तिला ठिणगी कुठे भेटते एवढाच.

किती वाफ, तेही बघा. एक लिटर टोल्युइन सांडून पूर्ण उडालं तर साधारण सव्वादोनशे लिटर वाफ होते. टोल्युइनची खालची मर्यादा १.१ टक्के. ती वाफ हवेत बरोबर त्या प्रमाणात मिसळली तर २० घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. एका लिटरमध्ये एक छोटी खोली! प्रत्यक्षात ती इतकी एकसारखी पसरत नाही. जमिनीलगत दाट राहते, कारण हवेच्या तिप्पट जड. म्हणून गटार, केबलचा खड्डा, वजनकाट्याचा खळगा या जागा आधी बघायच्या.

तिरकस

गुणाकाराने धोका कळला असता तर विमा कंपन्यांनी माणसं कशाला ठेवली असती?

५ गुणिले १ बरोबर ५ आणि १ गुणिले ५ बरोबरही ५. एकीकडे रोज बोटाला चटका, दुसरीकडे कधीतरी एकदा छप्पर उडालेलं. तक्त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. आणि माणसाला एकदा रंग दिसला की मागचं काही वाचवत नाही.

अबोली_क्यूए

@तिरकस, अगदीच असहमत नाही, पण तक्त्याला इतकंही झोडपू नका. वरच्यांकडून पैसे मंजूर करून घ्यायचे तर 'हे आधी, ते नंतर' असा क्रम लावावाच लागतो. एक्झॉस्टचा पंखा बदलून मिळाला तो तक्त्यातल्या लाल चौकोनामुळेच, हे मी स्वतः पाहिलंय. तक्ता विचार केल्यावर भरायचा असतो. लोक विचाराऐवजी भरतात, ही अडचण.

तिरकस

हे मान्य. पंख्याबद्दल अभिनंदन. त्याची मोटर हवेच्या प्रवाहात आहे की बाहेर?

अबोली_क्यूए

बाहेर. आणि खेच जमिनीलगत आहे. पुढचा प्रश्न तोच असणार होता ना? :)

शंकासुर

कुतूहल, एक छोटी शंका. ती रेझिनची पावडर पोत्यातून नेमकी कशात पडते?

निवृत्त फोरमन

माझं सगळं आयुष्य शॉप फ्लोअरवर गेलं, तेव्हा कागदापेक्षा जागेचं बोलतो.

सगळं सुरळीत चालू असताना फारसं काही होत नाही. घोळ होतो तो सफाईला, दुरुस्तीला, सुट्टीनंतर मशीन सुरू करताना आणि 'एवढंच करून टाकू' म्हणताना. तुमच्या तक्त्यात भरलेल्या ड्रमाची ओळ असेल. रिकाम्याची आहे का? नसणार. कारण स्टोअरच्या यादीत रिकामा ड्रम म्हणजे शून्य साठा.

खरं तर भरलेल्या ड्रममध्ये वाफेला हवा मिळायला जागाच थोडी. रिकाम्यात तळाला वाटीभर द्रव राहिलेला आणि वर दोनशे लिटर हवा. तोच खरा बॉम्ब. एका ठिकाणी कचऱ्यासाठी पिंप करायचं म्हणून एकाने असला ड्रम ग्राइंडरने कापायला घेतला. झाकणाकडचा पत्रा उडून छताच्या कैचीला जाऊन वाकला. पोरगा बाजूला उभा होता म्हणून वाचला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगायला कागदावर तो ड्रम अस्तित्वातच नव्हता.

तेव्हा सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर: यादी घेऊन खुर्चीत बसू नका. एक पूर्ण पाळी जागेवर उभे राहा. रात्रपाळी असेल तर तीच निवडा.

भुंगा

फोरमन काका, दंडवत. रुमाल टाकला होता, आता सतरंजीच अंथरतो.

मूलद्रव्य

सगळे सॉल्व्हंटच्या मागे लागलेत, पावडरकडे कुणाचं लक्ष नाही. नेहमीचंच. द्रवाचा वास येतो म्हणून माणूस घाबरतो, धूळ झाडून टाकतो.

धुळीच्या स्फोटाची नोंद आजची नाही. इटलीत ट्युरिनमध्ये १७८५ साली पिठाच्या कोठारात झालेल्या स्फोटाचं वर्णन काउंट मोरोत्सो यांनी लिहून ठेवलंय. अमेरिकेत मिनीॲपोलिसला १८७८ साली वॉशबर्न पीठगिरणी उडाली, १८ माणसं गेली. पीठ, साखर, लाकडाचा भुसा, ॲल्युमिनियम, बहुतेक रेझिन, काही औषधी पावडरी, पुरेशा बारीक असल्या की सगळ्या हवेत तरंगताना पेटतात.

अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या इम्पीरियल शुगर या साखर कारखान्याचं २००८ चं प्रकरण तर मूल्यमापन करणाऱ्याने पाठच करावं. सायलोंच्या (साखर साठवायच्या उंच कोठ्यांच्या) खालून साखर नेणारा पट्टा वर्षानुवर्षं उघडा होता. २००७ साली साखरेत घाण पडू नये म्हणून त्याला स्टीलच्या पत्र्यांनी झाकलं. हेतू स्वच्छतेचा, अगदी योग्य. पण तोवर मोकळ्या जागेत विरून जाणारी धूळ आता बंदिस्त पोकळीत साठायला लागली आणि त्या पोकळीला ना वायुवीजन, ना स्फोटाचा दाब बाहेर काढायची सोय. ७ फेब्रुवारी २००८ ला तिथे पहिला स्फोट झाला. त्या धक्क्याने इमारतभर तुळयांवर, नळ्यांवर, जमिनीवर साचलेली साखर उडाली आणि स्फोटांची मालिकाच लागली. १४ कामगार गेले.

पहिला स्फोट बहुधा लहान असतो. माणसं मरतात ती दुसऱ्यात, आणि दुसऱ्याचं इंधन म्हणजे आपण न झाडलेली धूळ. कुतूहल, शिडी घ्या आणि हॉपरच्या वरच्या तुळईवर बोट फिरवून बघा. खालचा रंग दिसत नसेल एवढा थर असला तर ती ओळ लाल. गुणाकाराची गरज नाही.

घारू

@मूलद्रव्य, झाडायचं म्हणजे नेमकं कसं? आमच्याकडे शनिवारी कॉम्प्रेस्ड एअरने फुंकून साफ करतात. तासाभरात लखलखीत.

मूलद्रव्य

अरे देवा. घारू, थराची धूळ हवेत उडवली म्हणजे तुम्ही दर शनिवारी स्फोटाची अर्धी तयारी स्वतःच करता! धुळीसाठी बनवलेला, अर्थिंग असलेला व्हॅक्यूम घ्या. साधा व्हॅक्यूमही नको, त्याच्या मोटरच्या ब्रशवर ठिणग्या असतात.

घारू

बरं. शनिवारी कळवतो. म्हणजे, कळवायला उरावं एवढीच इच्छा.

टिवल्याबावल्या

अवांतर: पेट्रोल पंपावर मोबाइल वापरला तर स्फोट होतो ते खरं का हो? व्हॉट्सॲपवर दर महिन्याला एक पंप उडतो.

सेफ्टीवाला

मोबाइलच्या लहरींमुळे पंप पेटल्याचा खात्रीचा एकही दाखला माझ्या वाचनात नाही. भरताना माणूस गाडीत जाऊन बसतो, उठताना कपडे सीटला घासतात, अंगावर स्थिर वीज साठते आणि नोझलला हात लावताच ठिणगी पडते. हे मात्र घडलेलं आहे. तरीही स्फोटक वायूच्या क्षेत्रात साधा फोन न्यायचा नाही, कारण तो त्या जागेसाठी तपासलेलाच नाही. नियम बरोबर, व्हॉट्सॲपचं कारण चूक.

टिवल्याबावल्या

म्हणजे काकांनी फॉरवर्ड केलेलं चुकून बरोबर निघालं. इतिहासात प्रथमच.

निळी_ज्योत

स्थिर विजेचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर.

सॉल्व्हंटच्या वाफेला पेटवायला अगदी थोडी ऊर्जा लागते. टोल्युइनसारख्यांना ०.२ ते ०.३ मिलिज्यूलच्या आसपास, हायड्रोजनला तर ०.०२ पेक्षाही कमी. माणसाच्या बोटातून उडणारी, आपल्याला 'टिक' म्हणून जाणवणारी ठिणगी याच्या कितीतरी पट असू शकते.

टोल्युइन विजेचं वाईट वाहक. नळीतून वाहताना, वरून धबधब्यासारखं पडताना त्यावर भार साठतो आणि लवकर जात नाही. म्हणून नळीचं टोक तळापर्यंत न्यायचं, ते बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा, आणि दोन्ही भांडी एकमेकांना व जमिनीला जोडायची. क्लिप रंगाच्या थरावर अडकवली तर ती नुसती शोभेला. टोकं खरवडून धातूपर्यंत पोचली पाहिजेत.

सगळ्यात फसवी जोडी म्हणजे प्लास्टिकच्या कॅनवर ठेवलेलं धातूचं नरसाळं. कॅनला अर्थ करता येत नाही, नरसाळ्याला कुणी करत नाही.

चक्रम

इतकं डोकं चालवण्यापेक्षा सगळ्या विभागाला 'झोन १' लिहून टाका आणि सगळीकडे फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर न जाऊ देणारी) विजेची उपकरणं बसवा. विषय संपला.

सेफ्टीवाला

विषय संपत नाही हो, नवीन सुरू होतो.

एक म्हणजे फ्लेमप्रूफ हे सरसकट प्रमाणपत्र नाही. गॅसचा गट बघावा लागतो: टोल्युइनला आयआयए चालेल, हायड्रोजनला आयआयसी लागेल. मग तापमानाचा वर्ग. टी३ म्हणजे पृष्ठभाग २०० अंशांच्या आत, टी४ म्हणजे १३५ च्या आत. धुळीचे झोन वेगळे, २०, २१, २२. गॅससाठीचा दिवा धुळीला चालेलच असं नाही.

दुसरं, सगळीकडे झोन १ लिहिलं की तो कुणी पाळत नाही. टेबलावरचा लॅपटॉपही झोनमध्ये आणि ड्रमाच्या तोंडाशीही झोनच, मग माणूस दोन्हीकडे सारखाच बेफिकीर. झोन म्हणजे स्फोटक मिश्रण कुठे आणि किती वेळ असतं याचं उत्तर. टाकीच्या आत सतत, म्हणून ०. भरायच्या तोंडाशी काम चालू असताना अधूनमधून, म्हणून १. त्याच्या भोवती क्वचित, थोडा वेळ, म्हणून २.

चक्रम

ओके, शब्द मागे. अर्धे.

पाचवा गियर

मी थोडा उलट बोलू का? इथे सगळी चर्चा ठिणगीवर चाललीय. ठिणगी थांबवणं ही शेवटची तटबंदी. तिच्यावर भिस्त ठेवू नये.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीचा २००५ चा अपघात बघा. रिफायनरीतलं युनिट सुरू करताना एक टॉवर क्षमतेबाहेर भरला, द्रव उंच चिमणीवाटे बाहेर उसळला आणि वाफेचा ढग जमिनीवर पसरला. पेटला बहुधा चालू ठेवलेल्या एका डिझेल पिकअपमुळे. १५ माणसं गेली, आणि ती त्या युनिटवर काम करणारी नव्हतीच, शेजारी उभ्या केलेल्या तात्पुरत्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास होती. आता ती गाडी तिथे नसती तर? दुसरं काहीतरी असतं. एवढा मोठा ढग ठिणगी शोधतोच.

क्रम असा हवा: हा पदार्थ लागतोच का? कमी चालेल का? बंद भांड्यात करता येईल का? वाफ उगमापाशीच खेचता येईल का? मग ठिणगी. आणि शेवटी, समजा झालंच, तर माणसं कुठे बसलेली असतील?

सेफ्टीवाला

+१. पदार्थ बदलण्याबद्दल एक इशारा: फ्लॅश पॉइंट ६० च्या वर असलेला क्लीनर आणला म्हणजे सुटलो असं नाही. तोच फवारून वापरला तर बारीक थेंब फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटतात. आणि गरम करून वापरला तर आगीतून फुफाट्यात.

अबोली_क्यूए

आमच्याकडे एक गंमत नेहमी ऐकू येते, 'वास तर येत नाही, मग कसला धोका?' आणि दुसरीकडे, 'केवढा वास येतोय, आता स्फोट होणार!' दोन्ही चूक. टोल्युइनची खालची मर्यादा १.१ टक्के म्हणजे ११,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). ५०० पीपीएमलाच ते जीवाला तातडीने घातक मानतात, आणि नाकाला वास त्याच्याही कितीतरी आधी येतो. म्हणजे उभ्या माणसाच्या नाकापाशी स्फोटक मिश्रण असेल तर तो माणूस आधीच आडवा झालेला असेल. ते मिश्रण असतं ड्रमात, खड्ड्यात, गटारात, जिथे नाक जात नाही.

घारू

मग डिटेक्टर लावला की झालं?

निळी_ज्योत

लावा, पण त्याचं ऐकताना त्याच्या खोडी माहीत असू द्या. तापलेल्या मण्यावर वायू जाळून मोजणारे जे साधे डिटेक्टर असतात, त्यांना जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत ते 'सब ठीक' सांगतात. सिलिकॉनच्या वाफेने मणी कायमचा बधिर होतो, आणि आकडा मात्र शून्यच दाखवत राहतो. मिथेनवर कॅलिब्रेट केलेला टोल्युइनचा आकडा कमी दाखवतो. आणि जड वाफेसाठीचा डिटेक्टर छताला लावलेला मी पाहिलाय, कारण तिथे वायर आधीच होती.

निवृत्त फोरमन

वापरायच्या आधी ओळखीचा वायू देऊन तपासायचं. जो तपासत नाही त्याच्या हाती खेळणं.

टिवल्याबावल्या

हा धागा वाचून मी ऑफिसात सॅनिटायझरची बाटली लांब सरकवली. मी बँकेत आहे.

सेफ्टीवाला

हलके घ्या. पण हसू नका. तुमच्या बाटलीतल्या अल्कोहोलची ज्योत भर उजेडात जवळपास दिसत नाही.

मेणबत्ती

बॅटरी रूमबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, हायड्रोजन सोडतात. ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो. तो वर जातो, म्हणून टोल्युइनच्या उलट इथे हवा छतापासून बाहेर गेली पाहिजे. फॉल्स सीलिंगवरची पोकळी बघा. क्लिप काढण्याआधी चार्जर बंद, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. आणि चार्जर पंख्याशी जोडून घ्या, पंखा बंद तर चार्जिंग बंद. आमच्याकडे थंडीत गार वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावला होता. तो पुठ्ठा कुठल्याच कागदावर नव्हता.

पाचवा गियर

पुठ्ठ्यावरून आठवलं. इंग्लंडमधला फ्लिक्सबरोचा रसायन कारखाना, १९७४. सहापैकी पाचवा रिॲक्टर तडकला म्हणून काढला आणि त्याच्या जागी तात्पुरता पाइप टाकून चौथा नि सहावा जोडले. त्या पाइपचं रेखाटन वर्कशॉपच्या फरशीवर खडूने केलेलं होतं. दोन महिन्यांनी १ जूनला पाइप निसटला, सायक्लोहेक्झेनचा ढग सुटला, २८ माणसं गेली. तो शनिवार होता. आठवड्यातला कामाचा दिवस असता तर ऑफिसची इमारतही भरलेली असती.

मूल्यमापन आज अचूक केलं तरी ते आजपुरतं. साखरेच्या पट्ट्यावरचे पत्रे काय, हा पाइप काय, खिडकीचा पुठ्ठा काय, 'छोटासा बदल' झाला की कागद शिळा.

मूलद्रव्य

थोडा हलका विरंगुळा, विषयातलाच. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या हॅसवेल खाणीत स्फोट झाला, ९५ माणसं गेली. चौकशीला सरकारने मायकेल फॅरेडे आणि भूगर्भतज्ज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवलं. कोळशाच्या धुळीचाही त्या स्फोटात हात असतो हे त्यांच्या अहवालात होतं, आणि पुढे कित्येक वर्षं ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

तर तिथे हवेचा प्रवाह कसा मोजता विचारल्यावर एकाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतीवर टाकली आणि धूर किती वेळात किती लांब जातो ते दाखवलं. फॅरेडेंनी विचारलं, ही दारू ठेवता कुठे? पिशवीत, घट्ट बांधून. आणि पिशवी कुठे असते? उत्तर आलं, 'तुम्ही तिच्यावरच बसला आहात.'

भुंगा

फुटलो. (शब्दशः नाही.)

तिरकस

आमच्या कंपनीत ऑडिटरला बसायला हीच खुर्ची देतात.

घारू

परमिटबद्दल विचारायचं होतं. वेल्डिंगला परमिट (आगीच्या कामाची लेखी परवानगी) काढतो, रोज सकाळी एक गठ्ठा सही होऊन येतो. बरोबर ना?

निवृत्त फोरमन

गठ्ठ्याने सही झालेलं परमिट म्हणजे रद्दी. सही करणाऱ्याने जागेवर जाऊन बघायचं असतं: दहा-अकरा मीटरच्या आत काय पेटू शकतं, भिंतीपलीकडे काय आहे, गटाराचं तोंड झाकलंय का, वायू मोजला का, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास, शक्य तर तासभर, तिथे लक्ष ठेवायला कोण थांबणार. आग बहुतेकदा वेल्डर घरी गेल्यावर लागते.

पाळी बदलताना परमिट हातातून हातात गेलं पाहिजे. १९८८ चा उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-फलाटाचा अपघात आठवा. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, त्याचा कागद पुढच्या पाळीपर्यंत पोचला नाही आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. १६७ माणसं.

शंकासुर

माझी शंका तशीच राहिली. पावडर पडते कशात?

कुतूहल

माफ करा, उत्तरं वाचण्यात शंकासुर यांचा प्रश्न नजरेतून सुटला. तसंही मला नक्की ठाऊक नव्हतं, कारण बॅचकार्डावर फक्त 'रेझिन टाकणे' एवढंच आहे. फोरमन काकांचं ऐकून पाळीला उभा राहिलो.

मिक्सरमध्ये आधी टोल्युइन घेतात. मग वरचं झाकण उघडून पोती त्यातच रिकामी करतात. पोत्याला आत प्लास्टिकचं अस्तर आहे, ते शेवटी झटकतात. वर उभा असलेला माणूस रबरी बुटात.

तक्त्यात टोल्युइनची ओळ वेगळी, रेझिनची वेगळी, दोन्ही पिवळ्या. दोन्ही एकत्र येतात ती ओळच नाही.

निळी_ज्योत

शंकासुर, तुमच्या पायाचे ठसे द्या.

कुतूहल, तुमच्या अख्ख्या कारखान्यातली सगळ्यात लाल जागा ही. पावडरचा ढग एकटा असेल तर पेटवायला तुलनेने जास्त ऊर्जा लागते. पण खाली सॉल्व्हंटची वाफ आहे, म्हणजे वाफेला लागेल तेवढीच पुरे. आणि प्लास्टिकमधून पावडर ओतणं, अस्तर झटकणं, अर्थ नसलेला माणूस, हे तिन्ही भार निर्माण करायचे हमखास मार्ग. धुळीची आणि वाफेची खालची मर्यादा वेगवेगळी पाहून 'दोन्ही खाली आहेत' म्हणायचीही सोय नाही; मिश्रण दोन्ही मर्यादांच्या खाली असतानाही पेटू शकतं.

आज थांबवता येईल ते: अस्तर झटकणं बंद, वरच्या माणसाला स्थिर वीज वाहून नेणारे बूट आणि तशीच फरशी, मिक्सर आणि चढायची जाळी दोन्हींना अर्थ.

चक्रम

आधी पावडर घ्या आणि वरून सॉल्व्हंट सोडा की. फुकटात काम.

कुतूहल

@चक्रम, तेच सुचवलं. प्रॉडक्शनचं म्हणणं गुठळ्या होतात, स्टरर अडकतो. मी स्वतः त्या विभागातला, त्यामुळे ते खोटं बोलत नाहीत हेही माहीत आहे. नायट्रोजन लावावा का?

पाचवा गियर

नायट्रोजन उत्तम, पण झाकण उघडं ठेवून नाही. पोतं ओतलं की त्याच्याबरोबर हवा आत जाते आणि ऑक्सिजन परत वर येतो. वर रोटरी व्हॉल्व्ह किंवा दोन झडपांचा चार्जिंग हॉपर हवा: वरची उघडून पावडर घ्या, बंद करा, नायट्रोजनने धुवा, मग खालची उघडा. आणि आतला ऑक्सिजन मोजणारं यंत्र हवंच, नाहीतर नायट्रोजन आहे हा नुसता समज. खर्च आहे. तक्त्यातला लाल चौकोन अबोलींच्या पद्धतीने इथे वापरा.

अबोली_क्यूए

वापराच. आणि ओळी पदार्थाप्रमाणे न करता कामाप्रमाणे करा: उतरवणे, साठवणे, ओतणे, मिसळणे, नमुना घेणे, धुणे, दुरुस्ती. प्रत्येक कामात कोणकोणते पदार्थ एकत्र येतात ते शेजारी. नमुना घेणं विसरू नका, आमची पोरं लोखंडी मग दोरीला बांधून सोडतात.

कुतूहल

तशाच ओळी नव्याने केल्यात. पान आता रंगीबेरंगी आहे. नमुन्याची पद्धत उद्या बघतो. 'धुणे' या ओळीत अडकलोय. बॅच संपल्यावर मिक्सर ॲसिटोनने धुतात आणि आठवड्यातून एकदा माणूस आत उतरून कडा खरवडतो.

निवृत्त फोरमन

नायट्रोजन लावणार असाल तर आधी ही ओळ सोडवा. नायट्रोजन असलेल्या मिक्सरमध्ये डोकावणारा माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. नायट्रोजनची लाइन नुसता व्हॉल्व्ह बंद करून नाही, तोडून ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) लावून वेगळी करायची. स्टररचा फ्यूज काढून कुलूप. हवा खेळवायची, मग आधी ऑक्सिजन मोजायचा, नंतर वाफ, वर, मध्ये आणि तळाशी. बाहेर एक माणूस सतत, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. खरवडायला लोखंडी पट्टी नको.

आणि मुळात आत उतरायचं का, हे विचारा. फिरता स्प्रे बॉल बसवून, झाकण बंद ठेवून धुता येतं का बघा. फक्त तो फवारा आहे, सेफ्टीवाल्यांनी वर सांगितलेलं लागू होतं, तेव्हा आधी नायट्रोजन.

कुतूहल

स्प्रे बॉलचं कोटेशन मागवतो. काका, खरवडायला पट्टी कशाची वापरायची मग?

निवृत्त फोरमन

पितळेची किंवा ब्राँझची. प्लास्टिकची कुणी सुचवेल, तर त्याला निळी_ज्योतकडे पाठवा.